आमची वाटचाल : टॅपेट कव्हरच्या खाली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, १९७९ साली बारा फूट रुंदीचा एक गाळा भाड्याने घेतला, तेव्हा त्यांच्या मनात गॅरेज काढण्याचा विचारही नव्हता. ते पेशाने टर्नर होते आणि एका मशीन शॉपमध्ये काम करताना इंजिनाच्या बुशांवर, म्हणजे फिरत्या भागांच्या भोकांत बसवायच्या धातूच्या नळकांड्यांवर, त्यांचा हात बसला होता. गाळ्यात एक जुने लेथ, एक ड्रिल मशीन, भोक मापाला आणण्यासाठी हाताने फिरवायचे चार रिमर आणि भिंतीला लावलेला व्हाइस एवढीच सामग्री होती. इतर गॅरेजवाले आपल्याकडील गाड्यांचे रॉकर, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह दाबणारे भाग, काढून पिशवीत घालून आणत, आबा त्यांचे झिजलेले बुश बदलून देत आणि संध्याकाळी ती पिशवी परत जाई. गाडी दारात उभी राहत नसे. यायचे ते फक्त रॉकर.

त्या काळी हे काम मुख्यतः अ‍ॅम्बॅसडरचे असे. तिच्या १४८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्हना चालवणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याची हालचाल टॅपेट आणि लांब पुशरॉड यांच्यामार्फत वर हेडपर्यंत, म्हणजे वॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या माथ्यापर्यंत, पोचते आणि तेथे रॉकर झोपाळ्याच्या फळीसारखा झुकून वॉल्व्ह दाबतो. असे आठ रॉकर एकाच पोकळ शाफ्टवर ओळीने बसलेले असतात. शाफ्टच्या पोकळीतून ऑइल येते, शाफ्टच्या बारीक भोकांतून प्रत्येक रॉकरच्या बुशात शिरते आणि तेथून पुढे पाझरते. बुश दाबून बसवणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे, परंतु नव्या बुशात ऑइलचे भोक नेमक्या जागी पाडणे आणि मग रिमरने तो शाफ्टच्या मापाला आणणे यात कारागिरी आहे. भोक जागेवर आले नाही, तर नवा बुशही कोरडा चालून थोड्याच दिवसांत जुन्यासारखा खडखडू लागतो. आबा प्रत्येक रॉकर शाफ्टवर सरकवून हातातून सोडून पाहत. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला तरच पुढच्याला हात लावीत. धपकन पडला तर सैल, अडकला तर घट्ट.

चार वर्षांनी गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांची अ‍ॅम्बॅसडर प्रथमच आमच्या गाळ्यासमोर उभी राहिली. गॅरेजवाल्याला मध्ये न घेता सगळे काम आपणच करावे, म्हणजे मजुरी आपल्याकडेच राहील, असा आबांचा हिशेब होता आणि त्या हिशेबात त्यांच्याकडून एक गोष्ट सुटली. या इंजिनात रॉकर शाफ्टचे ब्रॅकेट ज्या नटांनी धरलेले असतात, त्यांतील चार नट हेडचेही असतात. त्यामुळे रॉकर असेंब्ली उचलायची असेल तर आधी रेडिएटरमधील पाणी काढावे लागते आणि हेडचे सर्वच नट क्रमाने, थोडे थोडे करून सैल करावे लागतात. एकाच बाजूचे नट सुटले की हेड वेडेवाकडे ताणले जाते आणि पाण्याला गॅसकेटमधून वाट मिळते. आबांनी फक्त ब्रॅकेटचे नट सोडले, बुश बदलले, नट पुन्हा आवळले आणि गाडी दिली. इंजिनाचा आवाज इतका गोड झाला होता की डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा पाच रुपये जास्त दिले. आठवड्याने गाडी परत आली, तेव्हा डिपस्टिकवर जास्त दुधाच्या चहाच्या रंगाचे ऑइल होते, म्हणजे त्यात पाणी मिसळले होते. हेड उतरवणे, ते पुन्हा सपाट करणे (फेसिंग), नवे गॅसकेट आणि नवे ऑइल हा सगळा खर्च आबांनी सोसला, ते पाच रुपयेही परत केले आणि पुढचे तीन महिने रिमरचे हप्ते थकले. ही हकीकत ते प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगत. स्वतःची फजिती सांगून शिकवणारे मालक मी नंतर फारसे पाहिले नाहीत.

डॉक्टरांनी मात्र गाडी दुसरीकडे नेली नाही. त्यांच्याच शब्दावर आजरा, चंदगड, निपाणी या भागांतल्या गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या आणि १९८८ साली शेजारचा गाळाही आम्ही घेतला.

मी आयटीआयचे मोटर मेकॅनिकचे शिक्षण पूर्ण करून १९९६ साली आबांच्या हाताखाली आलो. टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यातली फट (गॅप) मापाला आणणे, मला येते अशी माझी समजूत होती. अ‍ॅम्बॅसडरला नऊचा हिशेब लागतो: आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याचे टॅपेट धरायचे, सहावा दाबला गेला की तिसऱ्याचे, दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ यायला हवी. पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून मी आठही टॅपेट धरले, तरी इंजिनाची टिकटिक थांबेना. पुन्हा धरले, पुन्हा तेच. आबांनी रॉकर काढून माझ्या तळहातावर उलटा ठेवला आणि त्याच्या टोकावरून नख फिरवायला सांगितले. वॉल्व्हच्या देठावर वर्षानुवर्षे आपटून तेथे मुगाच्या डाळीएवढा खळगा पडला होता. माझी गेजची पट्टी त्या खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकत होती आणि गॅप पंधरा थाऊ असल्याची साक्ष देत होती. देठ मात्र खळग्याच्या तळाशी आपटत असल्याने खरी गॅप कितीतरी जास्त होती. अशा रॉकरचे टोक घासून सपाट करता येते, पण जेमतेम. वरचा कडक केलेला थर संपला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि खळगा पहिल्यापेक्षा लवकर तयार होतो. तेव्हापासून आमच्याकडे टोक किती घासायचे याला मर्यादा आहे आणि ती ओलांडावी लागत असेल तर रॉकर बदलावाच लागतो.

मारुती ८०० ने आमचे काम वाढवले आणि हलकेही केले. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेल्याने पुशरॉड संपले, तीन सिलिंडरचे सहाच रॉकर उरले आणि शाफ्ट दोन झाले. हे दोन शाफ्ट दिसायला जुळे असले तरी त्यांच्या टोकांच्या पायरीचे माप वेगळे असते, आणि त्यांची अदलाबदल करणारा एक तरी मुलगा आमच्याकडे दरवर्षी निघे. त्यापलीकडे या गाडीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तिने आमची घरे चालवली.

खरी अडचण गिऱ्हाइकाला समजावण्याची होती आणि आजही आहे. रॉकर हा सहसा स्वतःच्या दोषाने जात नाही. शाफ्टची भोके गाळाने बुजलेली असतात, ऑइल वेळेवर बदललेले नसते, कॅमचा माथा झिजलेला असतो किंवा वॉल्व्ह गाइडमध्ये अडकत असतो. हे कारण न शोधता नवा रॉकर घालणे म्हणजे गळक्या नळाखालची बादली बदलणे. परंतु "रॉकर घाला आणि संध्याकाळी गाडी द्या, बाकीचं नंतर बघू" असे म्हणणाऱ्याला शाफ्ट उतरवून धुण्याची मजुरी ऐकवली की तो हमखास उठतो. दहा-बारा गाड्या भाड्याने फिरवणारे एक मालक याच कारणावरून आम्हाला सोडून गेले आणि त्या वर्षी आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांच्याबरोबर गेला. आबा तेव्हा थकले होते, तरी त्यांनी मला माघार घेऊ दिली नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो होतो, हे आता लिहायला हरकत नाही.

ती चीड मला महागात पडली. फियाटच्या आरेखनाचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन तोवर निरनिराळ्या कंपन्यांच्या बॉनेटखाली सर्वत्र दिसू लागले होते. त्यातील रॉकर पाहून जुन्या मिस्त्रींना हसू येई, कारण तो बोटाएवढा असतो आणि त्याला शाफ्टच नसतो. त्याचे एक टोक हायड्रॉलिक टॅपेटवर टेकते, दुसरे वॉल्व्हच्या देठावर, आणि मधल्या रोलरवर कॅम फिरतो. गॅप धरावी लागत नाही. ते काम टॅपेटमधले ऑइल करते. अशी एक गाडी २०१२ साली टो होऊन आमच्याकडे आली. मालकाने ऑइल बदलण्याची मुदत दुपटीने लांबवली होती. ताणलेली टायमिंग चेन, म्हणजे कॅमशाफ्ट आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी, सेल्फ मारताना दात सोडून सरकली, पिस्टन वॉल्व्हला भिडले आणि सोळापैकी पाच रॉकर मोडले. एका अर्थाने रॉकरनी स्वतः मोडून वॉल्व्ह वाचवले होते. मालकाला घाई होती आणि मला गेलेल्या गिऱ्हाइकाची आठवण होती. मी पाच रॉकर बदलले, टायमिंग जुळवले आणि चेन तशीच ठेवली.

वीस दिवसांनी ती गाडी पुन्हा टो होऊन आली. या वेळी नऊ रॉकर मोडले होते, त्यांत पहिल्या वेळी न बदललेले सात होते आणि दोन वॉल्व्हही वाकले होते. तुकडे जुळवायला बसलो तर एका रॉकरचा रोलर सापडेना. चुंबक बांधलेली तार हेडच्या ऑइल परतीच्या प्रत्येक वाटेतून फिरवली आणि शेवटी ऑइल चेंबर उतरवला. रोलर तेथे गाळात बसलेला होता, आणि त्याच्या शेजारी पहिल्या वेळचा एक तुकडा होता, जो मी तेव्हा मोजलाच नव्हता. त्या रात्री आबा गाळ्यात आले, गाळाने भरलेली थाळी त्यांनी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी काढलं होतंस का?" या कामाशी पाण्याचा काही संबंध नव्हता; त्यांना काय म्हणायचे होते ते मला कळले. दुसऱ्या वेळच्या कामाचा एकही रुपया आम्ही घेतला नाही.

त्यानंतर पतसंस्थेकडून कर्ज काढून आम्ही या इंजिनाच्या टायमिंग लॉक करण्याच्या पिना, चांगला टॉर्क रेंच आणि धुलाईची टाकी घेतली. काम घेण्याची पद्धतही बदलली. टॅपेट कव्हर, म्हणजे रॉकरवरचे झाकण, उघडताना गिऱ्हाईक शक्यतो समोर असते. निघालेला प्रत्येक रॉकर आणि त्याखालचा टॅपेट अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये आपल्या क्रमांकाच्या खळग्यात जातो, कारण जे भाग परत बसवायचे ते आपापल्या जागीच बसले पाहिजेत. या ट्रेची कल्पना माझ्या पत्नीची. आमची वहीही तीच ठेवते आणि मोडलेले तुकडे जुळवून पूर्ण रॉकर होईपर्यंत त्या कामाचे बिल लिहीत नाही. टॅपेट अंगठ्याने दाबून पाहिला जातो आणि स्पंजासारखा दबला तर बाजूला काढला जातो. चेनमुळे रॉकर मोडले असतील तर सोळाही बदलतात आणि त्यांच्याबरोबर चेन, टेन्शनर व गाइडही बदलतात. जुळणी झाली की पिना काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि पिना पुन्हा सहज शिरतात का ते पाहायचे. तोवर सेल्फला कोणी हात लावायचा नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आम्हाला आणखी एक धडा दिला. पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आले, महामार्गही काही दिवस बंद होता, आणि पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या इंजिनांपैकी जी कोणी सुरू करून पाहिली नव्हती, ती बहुतेक वाचली. वाळलेली दिसतात म्हणून ज्यांना सेल्फ मारले गेले, त्यांच्या रॉकरच्या रोलरमधल्या सुईएवढ्या बेअरिंगांवर गंज चढलेला होता आणि रोलर फिरण्याऐवजी कॅमवर घासत गेला. त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढे कॅमशाफ्ट बदलले, तेवढे आधीच्या पाच वर्षांत बदलले नव्हते. एवढ्या मागणीत बाजारात हलके रॉकरही शिरले. नामांकित वेष्टनात आलेल्या एका संचाच्या अंगावर साध्या कानशीचा ओरखडा उठला, तेव्हा तो आम्ही परत पाठवला. पैसे मिळायला दिवाळी उजाडली.

सध्या वर्कशॉपमध्ये आम्ही सहा जण आहोत. २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांमुळे लहान डिझेल गाड्यांचे नवे उत्पादन बहुतेक थांबले असले, तरी रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचे काम अजून बरीच वर्षे पुरेल असा माझा अंदाज आहे. मोजून घेतलेले आणि कारण शोधून केलेले काम सावकाश होते, म्हणून आठवड्याला चारपेक्षा जास्त हेड आम्ही उघडत नाही. सोडून गेलेले ते गाड्यांचे मालक २०१५ मध्ये परत आले. का गेलो किंवा का आलो, याविषयी ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

आबा आता नाहीत. गेल्या महिन्यात गडहिंग्लजहून त्याच डॉक्टरांच्या मुलाचा फोन आला. गाडी अजून त्यांच्या पडवीत उभी आहे, ती त्यांना पुन्हा चालती करायची आहे. ती आली, तेव्हा रेडिएटरचे पाणी मी स्वतः काढले आणि हेडचे नट क्रमाने सैल केले. बुश बाजारात मिळाले नाहीत, म्हणून लेथवर तयार केले आणि रिमर आबांचाच वापरला. आतापर्यंत दोन रॉकर शाफ्टवरून सावकाश खाली आले आहेत. सहा बाकी आहेत.