इल्या द मोझांबिक: गोव्याच्या हाताखालचं आफ्रिकेतलं बेट (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

मोझांबिकला फिरायला जाणारे बहुतेक जण मापुतो आणि दक्षिणेकडचे बीच करून परत येतात. पण गोवा, वसई, रेवदंडा ह्या आपल्याकडच्या पोर्तुगीज इतिहासात ज्याला थोडा जरी इंटरेस्ट असेल त्याने उत्तरेला नांपुला प्रांतातल्या इल्या द मोझांबिक बेटावर जायलाच हवं. बेट जेमतेम ३ किमी लांब आणि अर्धा किमी रुंद, सगळं पायी होतं, पण १७५२ पर्यंत हे बेट आणि हा सगळा किनारा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. म्हणजे चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तो किल्ला आणि इथला किल्ला एकाच राज्याचे होते, हे डोक्यात ठेवून फिरलं की प्रत्येक भिंत वेगळी दिसते.

आधी पोचायचं कसं ते. विमानाने नांपुला, तिथून बेट साधारण १८० किमी. शेअर मिनीबसला तिकडे 'शापा' म्हणतात, ती भरल्याशिवाय सुटत नाही त्यामुळे सकाळी लवकर स्टँडवर जा, आणि गाडी थेट बेटावर जाते की मोनापोला बदलायला लागेल हे चढायच्या आधीच विचारून घ्या. शेवटी समुद्रावरचा ३ किमीहून लांब पूल लागतो, एकच लेन आहे, समोरून गाडी आली की मधे रुंद केलेल्या जागेत थांबायचं, मोठ्या बसेस त्यावर जात नाहीत. व्हिसा इथूनच काढून जा. अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलणार असाल तर यलो फीव्हरचं कार्ड जवळ ठेवा, परत येताना आपल्या एअरपोर्टवर विचारू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, हे टाळू नका. सीझन मे ते ऑक्टोबर, मार्चच्या आसपास जाऊच नका कारण तेव्हा चक्रीवादळं येतात, २०२२ च्या मार्चमधल्या गोंबे वादळाने ह्याच भागाची वाट लावली होती. आणि उत्तरेला लागून असलेल्या काबो देल्गादो प्रांतात अजून हिंसाचार होतो, तिकडे पुढे जायचा मोह नको.

किल्ला सकाळीच करा, दुपारी दगड तापतो आणि सावली नाही. साव सेबास्तियाव किल्ल्याचं काम १५५८ ला सुरू झालं, डचांनी १६०७ आणि १६०८ असं दोनदा येऊन वेढा घातला पण किल्ला पडला नाही. बेटावर गोडं पाणी नाही, म्हणून किल्ल्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली हौदात साठवायची सोय केलेली आहे, ती नीट बघा, मला तरी तोफांपेक्षा ती जास्त आवडली. टोकाला नोसा सेन्योरा दो बालुआर्ते हे १५२२ चं छोटं चॅपल आहे, दक्षिण गोलार्धातली सगळ्यात जुनी युरोपियन इमारत म्हणून ते दाखवतात. लिस्बनहून निघालेली जहाजं इथे थांबायची आणि उशीर झाला, नैऋत्य मोसमी वारा हुकला, की महिनोन्महिने अडकायची. फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, तेसुद्धा १५४१ च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षापर्यंत इथेच अडकले होते आणि मे १५४२ मध्ये गोव्याला पोचले.

लाल रंगाच्या साव पावलू राजवाड्यात म्युझियम आहे, तिथे गोव्याकडून आलेलं कोरीव लाकडी फर्निचर बघायला मिळतं. बाहेर वास्को द गामाचा पुतळा. जवळच हिंदू मंदिरही आहे, दीवच्या वाणी व्यापाऱ्यांना १६८६ मध्ये दीव ते मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला होता त्या काळापासूनची ही वस्ती. ते कापड आणायचे आणि इथून हस्तिदंत न्यायचे. आणि माणसंही विकली जायची, गुलामांच्या आठवणीसाठी बेटावर एक बाग केलीय तिथे जाऊन या, नुसते व्हरांडे आणि जुने दरवाजे बघून हे बेट कळणार नाही.

त्याच कारणासाठी माकुती टाऊनमध्येही जा. बेटाच्या उत्तर भागात दगडी शहर आहे, दक्षिण भागात झावळ्यांनी शाकारलेली घरं, त्या झावळ्यांना माकुती म्हणतात. दगडी शहरासाठी लागलेला दगड ह्याच दक्षिण भागातून खणून काढला, म्हणून तिथली घरं रस्त्यापेक्षा खाली, खड्ड्यात बसल्यासारखी आहेत आणि पावसाचं पाणी तिकडेच जातं. बहुतेक लोक तिथेच राहतात. स्थानिक गाइड घ्या, पैसे आधी ठरवा, फोटो विचारूनच काढा. इंग्लिश फार चालत नाही, 'सलामा' म्हटलं तरी लोक हसून बोलतात. नारळाच्या दुधातली 'माताप्पा द सिरी सिरी' नावाची भाजी इथली खासियत, ती खाऊन बघा.

आता नावांचं, कारण गोव्यातल्या बऱ्याच घरांतली मंडळी इकडे नोकरीला होती आणि जुनी कागदपत्रं घेऊन कोणी शोधायला निघालं तर नकाशावर ती गावं सापडणारच नाहीत. १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं आणि पोर्तुगीजांनी ठेवलेली नावं बदलली. लोरेन्सू मार्किश म्हणजे आताचं मापुतो, पोर्तू आमेलिया म्हणजे पेंबा, आंतोनियू एनिश म्हणजे आंगोशे, व्हिला काब्राल म्हणजे लिशिंगा, व्हिला पेरी म्हणजे शिमोयू, जुआंव बेलू म्हणजे शाय-शाय. काही नावं मात्र टिकली, वास्को द गामाने १४९८ च्या जानेवारीत केलिमानेच्या नदीला दिलेलं शुभचिन्हांची नदी हे नाव अजून चालतं. आणि देशाचं नाव? ते पोर्तुगीज येण्याआधी ह्या बेटावर सत्ता असलेल्या मूसा बिन बिक ह्या शेखावरून आलं असं मानतात. जुन्या पत्रांत नुसतं 'मोझांबिक' लिहिलेलं असेल तर तारीख बघा, राजधानी १८९८ पर्यंत ह्याच बेटावर होती, त्यामुळे त्याआधीच्या पत्रात देश नाही तर हे बेट असण्याची शक्यता जास्त.