सेताईनुशी

काल इथे जपानमध्ये वॉर्ड ऑफिसमधून रहिवासी दाखला आणला. नवऱ्याच्या नावापुढे 'सेताईनुशी', म्हणजे कुटुंबप्रमुख, आणि माझ्यापुढे 'पत्नी'. दरवेळी तसंच असतं. पण काल तो २०२० चा फॉर्म आठवला आणि डोकं फिरलं.

कोरोनात जपान सरकारने इथे नोंद असलेल्या प्रत्येकाला, आम्हा परदेशी लोकांनाही, एक लाख येन दिले. पगार किती, काही विचारलं नाही. कौतुकच आहे त्याचं. पण फॉर्म आला सेताईनुशीच्या नावाने, घरातल्या सगळ्यांचे पैसे जाणार त्याच्याच खात्यात. खाली प्रत्येकाचं नाव आणि शेजारी बारीकसा चौकोन: पैसे नको असतील तर खूण करा. म्हणजे माझ्या लाखाला 'नको' म्हणायचं पेन नवऱ्याच्या हातात! (त्याने खूण केली नाही. आमच्या घरचा हिशेब तसाही मीच बघते.)

माझ्यासोबत बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात पार्ट-टाइम करणारी एक जण मारहाणीला कंटाळून मुलाला घेऊन बाहेर पडली होती. पत्ता कळू नये म्हणून नोंद जुन्याच घरी. म्हणजे तिचे आणि मुलाचे दोन लाख मारणाऱ्याच्या खात्यात. अशा बायकांसाठी वेगळा अर्ज होता, नाही असं नाही. पण त्याला मारहाणीचा दाखला लागायचा, आणि दाखल्यासाठी खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसाला सगळं सांगावं लागायचं. मार्चपासून शाळा बंद, मूल घरी, हिच्या शिफ्ट गेलेल्या. "झोप लागत नाही," एवढंच म्हणायची. मी म्हणायचे, "दाइजोबू." होईल सगळं ठीक. इतका पोकळ शब्द मी दुसरा वापरला नसेल. जूनपासून ती आलीच नाही.

त्या वर्षी इथे पुरुषांच्या आत्महत्या आदल्या वर्षीपेक्षा कमी झाल्या, बायकांच्या वाढून ७,०२६ वर गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने एकाकीपणासाठी मंत्री नेमला. तोही पुरुषच.

हे सगळं मी तेव्हा आईला फोनवर तावातावाने सांगितलं. म्हटलं, आपल्याकडे बघ, कोरोनात जनधनचे महिना पाचशे थेट बाईच्या खात्यात आले. रेशनकार्डावर २०१३ च्या कायद्याने कुटुंबप्रमुख घरातली मोठी बाई. जपानला जमलं का हे?

आई म्हणाली, "आपल्या भांडीवाल्या मावशींचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं, विचारलंयस कधी?"

मी विषय बदलला. त्याच २०२० मध्ये भारतात २२,३७२ गृहिणींनी आत्महत्या केल्याचं नंतर वाचलं, तेही तिला सांगितलं नाही. तरी माझं म्हणणं आहेच: कागदावर बाईचं नाव असलेलं बरं, निदान भांडायला जागा राहते.

काल खिडकीवरच्या मुलीला विचारलं, सेताईनुशी बदलता येतो का? तिने हसून एक फॉर्म सरकवला. तो फ्रिजवर लावून ठेवलाय, अजून भरलेला नाही. पगार नवऱ्याचा जास्त, मी त्याच्या व्हिसावर, आठवड्याला २८ तासांच्या वर मला काम करता येत नाही. आणि आमच्या घरी तसा काही प्रश्नही नाही.