टुव्याच्या झऱ्यांखालची कंपने: माझा अनुभव

बडोद्यात भूशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी गोध्र्याजवळच्या टुवा येथील गरम पाण्याच्या झऱ्यांचा परिसर निवडला. तिथल्या खडकातल्या भेगा जमिनीच्या कंपनांवरून शोधायच्या होत्या. तेव्हा आईने एकच विचारले, "सुरुंग तर लावणार नाहीस ना?" सुरुंग लागत नाहीत, हीच या पद्धतीची सोय आहे. समुद्राच्या लाटा, वारा, रस्ते आणि आणंद–गोध्रा मार्गावरच्या गाड्या जमिनीला सतत हलवत असतात. दोन ठिकाणची ही कंपने दीर्घकाळ नोंदवून त्यांचा परस्परसंबंध काढला, म्हणजे एक नोंद पुढेमागे सरकवून ती दुसरीशी कुठे जुळते ते पाहिले, की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लहर जायला लागणारा वेळ हाती येतो. भूकंपशास्त्रज्ञ केइती अकी यांनी 1957 मध्ये अशा कंपनांतून वेग काढण्याची रीत मांडली होती, आणि 2005 मध्ये याच मार्गाने कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचे नकाशे निघाले. खडकाला भेगा असतील, तर भेगांच्या दिशेने लहर जरा वेगाने जाते आणि त्यांना आडवी जाताना मंदावते. मला शोधायचा होता तो हा फरक, आणि तो बहुधा काही टक्क्यांचाच असतो.

नोंदी घेण्याचे काम सरळ झाले. घोडे अडले ते आकडेमोडीत. चार किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांच्या परस्परसंबंधाच्या आलेखात एक बाजू जाणाऱ्या लहरीची आणि दुसरी उलट येणाऱ्या लहरीची असते; लहर दोन्ही बाजूंना सारख्याच वेळी, म्हणजे सुमारे 1.3 सेकंदांवर दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ती उजवीकडे 1.5 आणि डावीकडे 1.1 वर आली. मी आठवडाभर नको ती कंपने वगळणाऱ्या गणिती गाळण्यांची मापे बदलत बसलो. शेवटी लक्षात आले, की एकाच यंत्राच्या सगळ्या जोड्यांत तीच 0.2 सेकंदांची सरक आहे. ते यंत्र मी शेतातल्या खोलीत पत्र्याखाली ठेवले होते (पावसाची भीती, दुसरे काय), त्यामुळे त्याला उपग्रहाची वेळ मिळालीच नाही आणि त्याचे घड्याळ मागे पडत गेले. कोणत्याही एका बाजूचीच वेळ धरली असती, तर वेगात पंधरा टक्क्यांच्या आसपास चूक झाली असती आणि तिलाच मी आनंदाने भेगा म्हटले असते! सुदैवाने दोन्ही बाजूंची सरासरी काढली की ही चूक आपोआप कटते.

दुरुस्तीनंतर एका दिशेच्या जोड्या खरोखर मंद दिसल्या, पण माझ्या मार्गदर्शक सरांनी लगेच विचारले, "हा फरक खडकाचा, की कंपने येण्याच्या दिशेचा?" कंपने एकाच बाजूने जास्त येत असली, तरीही वेग खोटाच वाढलेला दिसतो, म्हणून आलेखाच्या दोन्ही बाजूंना लहरीची उंची जवळपास सारखी असलेले नोंदींचे तासच ठेवून मी सगळे गणित पुन्हा केले. फरक निम्म्यावर आला, पण गेला नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी "भेगांचा नकाशा" असे लिहिले होते. सरांनी ते पेन्सिलने खोडले आणि वर "वेगातील दिशाभेद" असे लिहून सही केली.