शिनाण्यांची शिंपी आणि गणपतीचा पाट

गणपतीसाठी फणसाचा पाट स्वतः करायचा ठरवलं. पाट तसा सोपा. दीड फुटाची फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, रंधा मारला की झालं. पण नुसता पाट कसा, म्हणून त्यावर शिंपीचं, म्हणजे शिंपल्याच्या कवचाचं, कमळ जडवायचं डोक्यात घेतलं आणि दोन दिवसांचं काम पाच आठवडे चाललं.

शिंपा शोधायला जावं लागलं नाही. उन्हाळ्यात खाल्लेल्या शिनाण्यांच्या, म्हणजे समुद्रातल्या हिरव्या शिंपल्यांच्या, शिंपा माडाच्या मुळाशी पडल्याच होत्या. बाहेरून हिरव्या, आतून निळसर चमक. वरच्या उन्हाने फिक्या पडल्या होत्या, म्हणून खालच्या निवडल्या. व्हिनेगरने साफ करायचा शहाणपणा मात्र करू नका. शिंपी म्हणजे चुनाच, आंबटात विरघळते. माझ्या तीन तशाच गेल्या.

शिंपी वाकडी असते हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. एका शिंपीतून सपाट तुकडा निघतो नखाएवढा. पहिली पाकळी मोठी कापली, खाचेत बसवून वरून क्लॅम्प आवळला, तर कट्ट! मग सहा पाकळ्यांच्या सोळा केल्या. गोव्यातल्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी लावत त्या चपट्या शिंपांचा मोह झाला होता, पण त्या प्राण्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

कापायला सोनाराची बारीक करवत घेतली. कोरडी कानस मारली की पांढरी धूळ उडते आणि दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा वास सुटतो. ती धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क लावायचा आणि शिंपी ओली ठेवूनच घासायची.

खरी मेख खाचेत आहे. तुकडा गोंदाच्या थेंबाने फळीवर टेकवायचा आणि भोवती धारदार सुरीने रेघ ओढायची. पेन्सिलची रेघ जाड, तेवढी फट राहते. खाच पटाशीने अशी खोदायची की शिंपी केसभर वर राहील. उरलेल्या फटीत अरल्डाइटच्या गोंदात कालवलेला लाकडाचा भुसा. गावातले सुतारकाका म्हणाले, "भुसो त्याच फळयेचो घे." घेतला. सुकल्यावर काळपट दिसतो, पण रेघ मुद्दाम काढल्यासारखी वाटते.

मग पॉलिश पेपर, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा. हात जरा जास्त चालला आणि दोन पाकळ्यांची चमक संपून खालचा हिरवा थर वर आला. त्या खरवडून नव्या बसवल्या.

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश भर श्रावणात केलं. हवेतली ओल धरून सगळा पाट पांढुरका. उघडीप मिळाली त्या दुपारी स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा रंग परतला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाट आईसमोर ठेवला. तिने कमळावरून बोट फिरवलं. "शिनाण्याची शिंपी गणपतीच्या पाटार? खुळो झालस काय?"

म्हटलं, देवघरात शंख चालतो ना?

"शंख तो शंख. ह्येका मी खोबऱ्याचा वाटप लावलंय."

गणपती जुन्याच पाटावर बसला. माझा पाट मागच्या पडवीत असतो. आई त्यावर बसून मासे साफ करते, आणि पाणी लागून पॉलिश पुन्हा पांढरं पडायला लागलंय.