ठाणे ते डोळखांब: दवाखान्यांच्या वाटेने

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत कुठेही उभे राहिले, तरी एखाद्या डॉक्टरची पाटी नजरेस पडते. त्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात मात्र तापाने फणफणलेल्या मुलाला कुठे न्यायचे, हे बरेचदा वेळ कोणती आणि गाडी आहे की नाही यावर ठरते. हे अंतर प्रत्यक्ष चालून पाहावे, म्हणून पावसाळा ओसरताच आम्ही डोळखांब परिसरात गेलो.

ठाण्याहून कसारा लोकलने आसनगावला उतरावे. या गाड्या थोड्या असतात आणि एक चुकली, तर सकाळच्या ओपीडीची वेळ हातची जाते. आसनगावहून शहापूरला शेअर रिक्षा मिळते. पुढे एसटी किंवा जीप, आणि जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही. परतीची शेवटची गाडी उतरतानाच विचारून ठेवावी.

सरकारी निकषानुसार मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० असे खाली येतात. कागदावर हा निकष उदार वाटतो, परंतु ठाण्यातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात मावणारी ३,००० माणसे इथे ओहोळांपलीकडच्या पाड्यांवर विखुरलेली असतात, आणि तिथवरची पायपीट कोणत्याच निकषात धरलेली नाही. आमच्यासोबत आलेल्या आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेच्या, खांद्याला लशीचा डबा होता. आतले बर्फाचे पॅक वितळण्यापूर्वी दोन पाडे उरकायचे, म्हणून त्या बोलण्यासाठीही थांबत नव्हत्या. "रस्त्यापर्यंत झोळी, मग १०८," एवढेच त्यांनी बाळंतिणींबद्दल सांगितले. रुग्णवाहिका मोफत असली, तरी ती डांबर संपते तिथेच थांबते. केंद्रातून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून ठाणे, अशी पाठवणी झाली, की सोबतच्या माणसाची मजुरीही बुडते.

डॉक्टर टिकत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. शिक्षणानंतर सरकारी सेवा करण्याच्या बंधपत्राची मुदत संपली, की तरुण डॉक्टर निघून जातात. दुर्गम पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातील डॉक्टर मानधनावर असतात. एका केंद्राच्या आवारातील गळके निवासस्थान पाहिल्यावर मला त्यांना सरसकट दोष देववेना. (बंधपत्राचा दंड वाढवून छप्पर दुरुस्त होत नाही.)

मदतीसाठी जाणाऱ्यांनी औषधांच्या पिशव्या नेऊ नयेत. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून काय कमी आहे ते विचारावे. एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाबाची गोळी सुरू करून परतणे रुग्णाच्या उपयोगाचे नाही, कारण पुढच्या महिन्याची गोळी त्याला केंद्रातूनच घ्यायची असते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, हे पाड्यांवर आवर्जून सांगावे. महापालिकेच्या रुग्णालयांना मात्र तो निर्णय लागू नाही. शहरात पाठवलेल्या रुग्णासोबत शिधापत्रिका आणि आधार कार्ड हवेच, नाहीतर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे अडकतात.

भातकापणीच्या दिवसांत दुपारी घरे बंद असतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलांच्या लसीकरणाची नोंद मात्र पाड्यावरच राहते. त्या काळात जाणाऱ्यांनी आशाताईंकडून भट्टीचे ठिकाण विचारून थेट तिकडेच जावे. ठाण्याहून ते जवळही पडते.