तुम्ही विचारलंत म्हणून: ओढ्याकाठची जागा का सोडली

भेटेल तो दोन गोष्टी विचारतो. एवढ्याशा केबिनला इतकं प्लॅनिंग कशाला? आणि इतकं करून ओढ्याकाठची जागा सोडून वर का गेलीस? तुटक उत्तरं देऊन मी कंटाळले आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

लहान म्हणजे स्वस्त, असं धरून चालू नका. 10 बाय 10 ची खोली म्हणजे 100 चौरस फूट जागा आणि भोवती 40 फूट भिंत. 20 बाय 20 केली तर जागा चौपट होते, भिंत दुपटीवरच थांबते. शिवाय शौचालयाची टाकी, शोषखड्डा, पाण्याची लाइन, विजेची जोडणी, सामानाची गाडी पोचेल असा रस्ता, यातलं काहीही खोली निम्मी केली म्हणून निम्म्यात होत नाही. हात आखडता आला तर तो कागदावरच. प्लायवूडचा ताव 8 बाय 4 चा, म्हणून केबिन 12 बाय 16 ची धरली. 4 च्या पटीत राहिलं की कापून टाकायचे तुकडे कमी. छप्पर एकाच उताराचं, कारण दोन उतार आत वळून जिथे मिळतात तिथे गळती ठरलेली. ओटा आणि न्हाणी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, म्हणजे पाइप कमी.

आता जागा. ती बाबांनी निवडली होती. ओढ्यापासून थोडं आत, झाडाखाली, सपाट. दार कुठे, खुर्ची कुठे, सगळं त्यांच्या मनात पक्कं होतं. मी तिथे खड्डा घ्यायला लावला. शोषखड्डा करायचा तर जमीन पाणी किती पिते ते बघावं लागतं, आणि पायाखाली काय आहे तेही. दिवस कोरडे होते, खड्डाही कोरडाच निघाला. बाबा खूश. ‘बघ, थेंब नाही.’

मी आत उतरले. वरची माती तपकिरी, भुसभुशीत. गुडघाभर खाली गेल्यावर तिचा रंग राखाडी होत गेला आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसायला लागले. ढेकूळ हातात घेतलं तर चिकट, मेणासारखं. अशी माती वर्षातला बराच काळ पाण्यात बुडालेली असते. हवा मिळत नाही म्हणून तिच्यातल्या लोहाचा रंग जातो आणि पाणी उतरल्यावर जिथे हवा शिरते तिथे गंज धरतो. खड्डा आज कोरडा होता, पण पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते त्या ठिपक्यांत दिसत होतं. तिथे शोषखड्डा चालणार नव्हता आणि पायाखालची माती दरवर्षी फुगून आकसणार होती.

मी ढेकूळ बाबांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबून पाहिलं, खाली ठेवलं, हात पुसले. ‘तुझी केबिन आहे. तू बघ.’ त्यानंतर नकाशावर त्यांनी एकही सूचना केली नाही. तोवर रोज एक तरी करायचे.

तुम्ही म्हणता, खांबांवर उचलायची होती. विचार केला नसेल असं वाटतं का तुम्हाला? खांब घट्ट थरापर्यंत न्यायचे, मैला वर चढवायला पंप बसवायचा, म्हणजे बजेटचा मोठा हिस्सा जमिनीखालीच गेला असता. तेव्हाची मी इथेच विषय संपवायची: बजेटमध्ये बसत नाही, बस्स.

पण बजेटचा आकडा कोणी ठरवला होता? मीच. आतलं लाकडी अस्तर पुढच्या वर्षावर टाकता आलं असतं, न्हाणी वर वेगळी बांधता आली असती. हे मी आता म्हणते. लगेच तेव्हाची मी विचारते, पावसात रात्री बाबा तिथून न्हाणीपर्यंत चढून गेले असते का? याला माझ्याकडे उत्तर नाही. वरची केबिन कोरडी आहे, पाणी उतारानं आपोआप जातं, आणि ओढा तिथून दिसत नाही.

बाबा येतात, राहतात, केबिन चांगली झाली म्हणतात. मनापासून म्हणतात की नाही, ते मी विचारलेलं नाही. खांबांवरच्या केबिनचा हिशेब मात्र मी अजून अधूनमधून मांडते, आणि दर वेळी बेरीज वेगळी येते.