पुस्तकांच्या कपाटात मनीऑर्डरची चिटोरी कशाला?

आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आलेला माणूस कादंबऱ्या चाळत चाळत कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी येतो आणि थबकतो. आत लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, जुनी रेशनकार्डं, पिवळे पडलेले फोटो. मग प्रश्न ठरलेला: "पुस्तकं ठेवायची सोडून ही रद्दी कशाला सांभाळताय?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, सभासदांची वर्गणी आणि आळीपाळीनं देवघेवीला बसणारे आम्ही चौघंजण. अनुदान नाही. जी पुस्तकं आहेत ती कराडला, साताऱ्याला, कुठंही मिळतील. या कपाटातल्या कागदाची मात्र दुसरी प्रत नाही. फाटला की गेला.

1893 साली वि. ल. भावे यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. मराठीत छापलेलं पुस्तक एका जागी जपलं जावं, ही त्यामागची तळमळ. मला त्याचं फार मोल वाटतं. पण आमच्या खोऱ्यात छापलं गेलंच किती? इथला बराचसा इतिहास ट्रंकेत नाहीतर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी.

मनीऑर्डरचंच बघा. इथले कितीतरी कर्ते पुरुष मुंबईला गिरणीत. मनीऑर्डरच्या फॉर्मला मजकुरासाठी एक तुकडा असायचा, पैसे मोजून दिले की पोस्टमन तो फाडून घरच्यांच्या हातात ठेवायचा. एका आजींनी अशी चाळीसेक चिटोरी आणून दिली, दाभणानं भोक पाडून सुतळीत ओवलेली. एकावर जांभळ्या शाईत दोनच ओळी: "बैलाला पेंड आणावी. धाकटीला शाळेतून काढू नये." ती धाकटी म्हणजे या आजीच. त्या ओळी त्यांना पाठ आहेत, तरी दर खेपेला कपाट उघडायला लावतात आणि बोट ठेवून वाचतात.

दुसऱ्या एका घरची चिटोरी 1982 च्या जानेवारीत थांबतात. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण आमच्या खोऱ्यातल्या एका घरात तो कसा पोचला, हे त्या तुटलेल्या माळेत कळतं.

दरवर्षी 11 डिसेंबरला आम्ही बैठक भरवतो. 1967 साली त्या दिवशी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. दगडमातीची घरं बसली, माणसं गेली. पहिल्या वर्षी आम्ही माईक लावला, खुर्च्या मांडल्या आणि कुणी तोंडच उघडेना. पुढच्या वर्षापासून सतरंजी आणि चहा, बस्स. बायका मागं बसून म्हणायच्या, "आम्ही काय बोलणार? मास्तरांना विचारा." मग त्यातल्याच एक जण हळूच म्हणाल्या, "मी भाकरीचं पीठ काढाया उठले हुते. भित हालली, तशी पोरावर पाटी उपडी घातली आन् वर मीच वाकून बसले." सगळी सतरंजी गप्प झाली. हे आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवलं. शुद्ध करायचं नाही, एवढा एक नियम आम्ही काटेकोर पाळतो. भाषा सुधारली की त्या बाईचा आवाज निघून जातो.

कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. 2005 च्या आणि पुन्हा 22 जुलै 2021 च्या पुरात तिथल्या पुस्तकांचा चिखल झाला. ते फोटो बघून मला रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून आलेला प्रत्येक कागद आधी स्कॅन होतो, मग कपाटात जातो. मूळ कागद हवा असेल तर घरच्यांना परत देतो, सक्ती नाही.

सध्या भिंतीवर एक नकाशा लावलाय, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून केलेला. कोयना धरणाच्या जलाशयाखाली, म्हणजे शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाचा. तिथं लहानपण गेलेल्या म्हाताऱ्यांनी आठवून आठवून काढला: देऊळ, चावडी, कुणाचा गोठा, कुठल्या बांधावर आंबा. विहिरीवरून मात्र दोघा चुलतभावांचं जुंपलं. एक म्हणतो देवळाच्या डावीकडं, दुसरा म्हणतो पार पलीकडं, ओढ्याच्या अंगाला. दोघंही ऐंशीच्या घरातले, दोघंही हट्टी. आम्ही पेन्सिलनं दोन्ही जागी विहीर काढून ठेवलीय. मे महिन्यात पाणी उतरलं की तिथं देवळाचा चौथरा उघडा पडतो. यंदा दोघांनाही जीपनं काठापर्यंत न्यायचं ठरलंय, सोबत नकाशा आणि खोडरबर.